सूचकाची सही

"मग माझ्यात कमी काय आहे, भन्ते? ते तरी सांगा."

हर्षदीप वाहणे बसायला तयार नव्हता. विहाराच्या ओसरीत त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. दोनदा त्याने फाईल उघडली, दोनदा मिटली.

भन्ते पुण्णसार भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होते.

हर्षदीप तालुक्याच्या कोर्टात वकिली करायचा. लहानपणी याच ओसरीत तो भन्तेंकडून पाली शिकला होता. आता नगरपरिषदेच्या निवडणुकीला टेकडी प्रभागातून अपक्ष म्हणून उभा राहत होता. अर्ज भरायचा हा शेवटचा दिवस. दुपारी तीनला कचेरीचं दार बंद होणार होतं.

अपक्षाच्या अर्जावर प्रभागातल्या काही मतदारांनी सूचक म्हणून सही करावी लागते. बाकीच्या सह्या झाल्या होत्या. एक जागा त्याने भन्तेंसाठी राखून ठेवली होती. टेकडीवर भन्तेंच्या नावाला किती मान आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"वय बसतं. मतदार यादीत नाव आहे. थकबाकी नाही, गुन्हा नाही. शपथपत्र तयार आहे. कायद्याने मी पात्र आहे."

"हं."

"आणि कामाचं म्हणाल, तर विहाराचा रस्ता कोणी मोकळा करून घेतला? नगरपरिषदेच्या मागे किती लागलो होतो मी! आज तिथून अॅम्ब्युलन्स जाते."

"जाते."

"मग?"

भन्तेंनी तेलाची वाटी बाजूला सारली. मागे हात घालून आपलं भिक्षापात्र उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

"गुडघा धरलाय. आज तू जा."

"भिक्षेला... मी?" हर्षदीपने आपल्या इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. "आजच्या दिवशी? लोक म्हणतील, वकील मतं मागायला आला."

"म्हणून तोंड उघडायचं नाही. मागायचं नाही, नाव सांगायचं नाही, वचन द्यायचं नाही. दारात उभं राहायचं. वाढलं तर घ्यायचं, नाही वाढलं तर पुढे जायचं."

"आणि सही?"

"आलास की बघू."

हर्षदीपने घड्याळ पाहिलं. बारानंतर भन्ते अन्न घेत नसत. तोवर भराभर दहा-वीस घरं केली, तरी कचेरी गाठता येईल... त्याने पात्र घेतलं.

पहिल्या दारात एका बाईने भात वाढला आणि हसू दाबत आत गेली. दुसरं दार उघडलं, त्याला बघून बंद झालं.

पुढच्या घरी रंजना बागडे पोळी घेऊन आली, पण पोळी हातातच ठेवून बोलत राहिली. नळाला पाणी येत नाही. आलं तर भलत्या वेळी येतं. वरच्या घरांना तर तेही नाही.

"मी बघतो" हे शब्द हर्षदीपच्या जिभेवर आले. तो गप्प राहिला.

तो गप्प, म्हणून ती आणखी बोलली. पाण्याचं झालं, मग सासूच्या आजाराचं, मग मुलीची शाळा सुटल्याचं. त्याचे पाय चुळबुळत होते. एवढा वेळ कोणाचं ऐकायची त्याला सवय नव्हती. कोर्टात तो साक्षीदाराला मध्येच तोडायचा.

टेकडीच्या टोकाला टिनाची एक खोली होती. दार सताड उघडं. आत खाटेवर एक म्हातारी बसली होती.

"कोन हाय?"

तो उभा राहिला.

"भन्ते का? या, बापा. मले दिसत नाही आता. पाय वाजले म्हनून समजलं."

कौतिकाबाई. हर्षदीपने तिला ओळखलं. विहाराच्या रस्त्यावर ती भाजी घेऊन बसायची. रस्ता मोकळा झाला तेव्हा तिची भाजीची पाटी नगरपरिषदेच्या गाडीत उचलली गेली होती. त्यानंतर ती कुठे गेली, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"उन्ह आलं अंगावर. खाट सरकवता का?"

त्याने खाट सावलीत ओढली.

"मडक्यातलं पानी द्या."

त्याने पाणी दिलं.

"रस्ता चांगला झाला म्हनते," ती म्हणाली. "मोठ्या गाड्या जाते म्हनते. होऊ द्या... त्रिशरण म्हना, भन्ते. लई दिवस झाले, मले विहारात येता येत नाही."

तोंड उघडायचं नव्हतं. पण त्रिशरणाला नाही कसं म्हणणार? त्याने हात जोडले आणि हळू आवाजात सुरू केलं.

दुसऱ्या ओळीला म्हातारीने मान वर केली. त्याला पूर्ण म्हणू दिलं. मग म्हणाली,

"तू वकील होय ना?"

त्याचे जोडलेले हात खाली आले.

"त्या दिवशी रस्त्यावर तूच बोलत होता. लई बोलला. तवा मले थोडं दिसत होतं."

"आजी..."

"पाटी कुठं ठेवू, असं इचारलं होतं मी तुले. तू ऐकलं नाही. गाडीचा आवाज होता."

बाहेर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"आता इचारते. मले कुठं बसवशीन?"

उत्तर तयार होतं. जाहीरनाम्यात छापलं होतं, 'विक्रेत्यांसाठी स्वतंत्र ओटे'. नुसतं बोलायचं होतं. पण त्या खोलीत ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना.

तिने चाचपत टोपलीतली भाकर काढली, अर्धी मोडून पात्रात टाकली.

"जाय. भन्ते उपाशी असतीन."

त्याला निघता आलं नाही. कितीतरी वेळ तो तिथेच जमिनीवर बसून राहिला.

तो परतला तेव्हा भन्ते होते तिथेच होते. त्याने पात्र समोर ठेवलं. मग त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं.

"भन्ते, बारा वाजून गेले."

"हो."

"म्हणजे माझ्यामुळे आज तुम्ही उपाशी..."

"हो."

हर्षदीप त्या दिवशी ओसरीत पहिल्यांदाच खाली बसला. कौतिकाबाईचं सगळं त्याने सांगितलं. रस्त्यावरचं त्या दिवसाचंही सांगितलं. मग फाईल भन्तेंपुढे सरकवली.

"ही ठेवा इथेच. मी अर्ज भरत नाही. मी लायक नाही."

"सकाळी तू पात्र आहेस, हे तुला पक्कं ठाऊक होतं," भन्ते म्हणाले. "आता लायक नाहीस, हेही पक्कं ठाऊक आहे."

त्याने फाईल आणखी पुढे सरकवली.

"पेन दे."

"भन्ते, सकाळी तुम्ही सही केली नाहीत..."

"सकाळी तू सही मागत होतास."

"आणि आता?"

"आता नको म्हणतोयस."

भन्तेंनी अर्ज मांडीवर घेतला. सावकाश, लहान मुलाच्या अक्षरात, सूचकाच्या जागी सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद त्याच्या हातात दिला.

हर्षदीप उठला. पायऱ्या उतरला. मोटारसायकलला किक मारली... आणि बंद केली. पुन्हा वर आला. सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"भरतो मी अर्ज. कौतिकाआजीला काय उत्तर द्यायचं, ते अजून कळलेलं नाही. पण भरतो."

भन्ते गुडघा चोळत होते.

"फक्त एक सांगा, भन्ते. मी पडलो तर?"

भन्तेंनी त्याच्याकडे पाहिलं.

"पडलास की सुटलास, असं कोणी सांगितलं तुला?"