तिरंदाजाचं सुतक

एका दरीच्या दोन काठांवर दोन गावं होती. इतकी समोरासमोर, की अलीकडे फोडणी दिली तर पलीकडे ठसका लागतो, असं लोक गमतीनं म्हणत. पण एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर डोंगराला वळसा घालून दोन दिवस चालावं लागे. दरी फार खोल होती आणि तिच्यात उतरायला वाट नव्हती.

अलीकडच्या गावात एक तिरंदाज राहत असे. तो लढाईवर जात नसे आणि शिकारही करत नसे. त्याचं काम टपालाचं. रोज सकाळी उन्हं कड्यावर आली की तो टोकाशी उभा राहायचा आणि बाणाला बांधलेली वस्तू पलीकडे सोडायचा. कधी कुणाची चिठ्ठी, कधी बियाण्याची पुरचुंडी, कधी वैद्यबुवांच्या औषधाची पुडी. पलीकडच्या काठावर एका खांबाला गवताची जाडजूड पेंढी बांधलेली असे. त्या पेंढीत बाण रुतवायचा.

पेंढीजवळ एक म्हातारी उभी असायची. इकडून तिचं हिरवं लुगडं तेवढं दिसे. बाण पेंढीत शिरला की बाजूला पडला हे एवढ्या लांबून कळत नसे, म्हणून ती ओरडून सांगायची. दरीत लांबलचक वाक्यं विरून जात, एखादाच शब्द टिके. तिनं तो शोधून ठेवला होता.

"पोचलाऽऽ!"

हा शब्द कानावर आला की तिरंदाज धनुष्य खांद्याला अडकवून घरी वळायचा. अशी सव्वीस वर्षं गेली. गाव त्याचं कौतुक करी, "सव्वीस वर्षांत बाण चुकला नाही गड्याचा!" तो फारसं बोलायचा नाही. "हात बसलाय," एवढंच म्हणायचा, पण मान जरा ताठ व्हायची. माणूसच तो, होणारच.

त्याच्या घरी एक चूल होती, एक ताट होतं आणि ताटावर बसणारा तो एकटा. लग्न झालं नव्हतं, आईबाप केव्हाच गेले होते. लोक त्याच्याकडे टपाल द्यायला येत आणि कामापुरतं बोलून जात. खरं सांगायचं तर दिवसभरात कुणी आपणहून त्याला हाक मारावी, तर ती दरीपलीकडची तेवढी एकच. पण हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आपल्याला शांतता आवडते, असं तो समजत होता.

एके सकाळी पेंढीजवळ हिरवं लुगडं नव्हतं. छातीपर्यंत दाढी असलेला एक माणूस उभा होता. तिरंदाजानं बाण सोडला. दाढीवाल्यानं तो उपसला, पुडी सोडवली आणि चालू लागला. हाक नाही की काही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

पंधरवड्यानं एक मीठवाला डोंगराला वळसा घालून गावात आला. तिरंदाजानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "पलीकडं पेंढीपाशी म्हातारी असायची, ती दिसत नाही?"

"ती व्हय? गेली की. झाले धा-बारा दिवस," मीठवाला म्हणाला आणि मीठ मापू लागला.

तिरंदाजानं मीठ घेतलं, घरी आला, चूल पेटवली आणि भाकरी टाकली. भाकरी करपून कोळसा झाली तेव्हा त्याला वास आला. त्या गावात रीत अशी होती की आपलं माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं, सुतक धरायचं, चार दिवस कामाला हात लावायचा नाही. शेजारीपाजारी येऊन बसत. पण ही त्याची कोण? आई नव्हे, मावशी नव्हे, भावकीतली नव्हे. नावसुद्धा माहीत नव्हतं. "आपल्याला कसलं सुतक?" असं तो स्वतःशी म्हणाला, करपलेली भाकरी तशीच खाल्ली आणि सकाळी नेहमीसारखा कड्यावर गेला.

इथेच तो चुकला.

त्या दिवसापासून त्याचे बाण भरकटू लागले. एकदा दाढीवाला पेंढीच्या डावीकडे जाऊन बाण उचलताना दिसला. एक खांबाच्या मागे झुडपात पडला, आणि दाढीवाला वाकून वाकून तो शोधत असलेला इकडून दिसला. एक तर सरळ दरीत गेला, एका म्हाताऱ्या बापाची लेकीला लिहिलेली चिठ्ठी घेऊन.

तिरंदाजानं धनुष्याची दोरी बदलली. बाणांची जुनी पिसं काढून नवी बसवली. मग वाऱ्याला दोष दिला, मग डोळ्यांना. लोक पाठीमागे कुजबुजू लागले, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्यानं ते ऐकलं आणि चिडून घरामागच्या केळीच्या बुंध्यावर वीस बाण मारले. विसांतले वीस बुंध्यात बसले, तेही तळहाताएवढ्या जागेत! डोळे ठीक होते, हात ठीक होता, धनुष्य ठीक होतं. पण कड्यावर उभं राहिलं की नेम हरवायचा. हे काय गौडबंगाल आहे, ते त्याला कळेना. विचारायचं कुणाला, तेही कळेना. रात्री तो पडून राही आणि त्याला वाटे, आपण संपलो.

अशात एके दिवशी पलीकडच्या खांबावर लाल फडकं चढलं.

लाल फडकं म्हणजे ताप. मोठं फडकं असलं तर ताप मोठ्या माणसाला, छोटं असलं तर लेकराला. हे छोटं होतं. वैद्यबुवांनी लगेच पुडी बांधून दिली. तिरंदाजानं बाण सोडला आणि तो पेंढीच्या अलीकडेच खाली झुकला. दोघांच्या डोळ्यांदेखत पुडी दरीत गेली.

वैद्यबुवा तसेच मागे वळले. घरी जाऊन त्यांनी दिवसभर औषध खललं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा कड्यावर आले. छोटं लाल फडकं अजून फडफडत होतं.

"ही शेवटची मात्रा," ते म्हणाले. "औषधाची मुळी संपली. नवी मिळायला थंडी पडावी लागेल. आणि चालत माणूस धाडला तर दोन दिवस. हा ताप लेकराला दोन दिवस देत नाही."

तिरंदाजानं पुडी बाणाला बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली. "वैद्यबुवा, माझ्याच्यानं होणार नाही. दुसरा कुणी बघा."

"दुसरा कोण आहे गावात?"

दुसरा कुणी नव्हता. तिरंदाजानं बाण चढवला, दोरी कानापर्यंत ओढली. "थांब," वैद्यबुवा म्हणाले. "दोरी सैल कर. हात दे इकडं."

त्यांनी त्याची नाडी धरली. डोळे मिटून बराच वेळ धरून ठेवली. "पुन्हा ओढ बरं, पण सोडू नको." त्यानं ओढली. वैद्यबुवांची बोटं मनगटावरच होती. "अस्सं! दोरी ओढलीस की नाडी पळायला लागते. बाण अजून सुटलेला नाही आणि तू त्याच्याआधीच पलीकडं जाऊन उभा राहतोस. कान देऊन. कुणाची वाट बघतोस रे?"

तिरंदाजानं धनुष्य खाली केलं.

"ती म्हातारी गेली," तो म्हणाला.

"कळलं मला. मग? पाणी घेतलंस का डोक्यावरून?"

"मी? मी कशाला? माझी कोण होती ती?"

"तेच विचारतोय मी. कोण होती?"

"रोज हाक मारायची मला," तिरंदाज म्हणाला. "सव्वीस वर्षं, वैद्यबुवा! दुसरं कुणी मारतच नाही. आता बाण सोडायच्या आधीच मला ठाऊक असतं की पलीकडून काही येणार नाही. तरी कान जातातच. हात घाई करतो. आणि हे सांगू कुणाला? लोक म्हणतील, ना नात्याची ना गोत्याची, आणि हा रडतोय."

"अरे बाबा," वैद्यबुवा म्हणाले, "सुतक नात्याला असतं. रडायला नातं लागत नाही."

कड्यावर वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण ठेवलेला असे. वैद्यबुवांनी त्यातून तांब्या भरला आणि तिरंदाजाच्या डोक्यावर ओतला. मग आणखी एक. तिरंदाज खाली बसला आणि ढसाढसा रडला. पन्नाशीचा बाप्या माणूस, भर दुपारी, कड्यावर बसून लहान मुलासारखा रडला. मीठ घेऊन घरी आला त्या दिवशी रडायचं राहून गेलं होतं, ते आज रडला. वैद्यबुवा शेजारी बसून राहिले. लेकराच्या तापाची घाई त्यांनाही होती. पण कुठली घाई आधी करायची, हे त्या म्हाताऱ्याला बरोबर कळत होतं.

मग तिरंदाज उठला. अंग ओलं, डोळे लाल. त्यानं बाण चढवला. पलीकडून हाक येणार नव्हती, आणि आता तो तिची वाट बघत नव्हता. दुःख गेलं नव्हतं, पण आता ते शेजारी बसलं होतं, हाताला लोंबकळत नव्हतं. त्यानं श्वास घेतला, अर्धा सोडला, आणि बोटं उघडली.

बाण गेला. पलीकडचा दाढीवाला या वेळी झुडपात वाकला नाही. पेंढीतून काहीतरी उपसून तो घरांकडे पळत सुटला. त्याचं धोतर वाऱ्यावर उडत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खांबावर पांढरं फडकं होतं, म्हणजे ताप उतरला होता. गाव आनंदलं. लोक म्हणाले, "बसला बाबा हात पुन्हा!" तिरंदाजानं मान ताठ केली नाही. त्यानं शिदोरी बांधली आणि डोंगराच्या वाटेला लागला. सव्वीस वर्षांत तो पलीकडे कधी गेला नव्हता. रोजचं टपाल होतं, ते सोडून जायचं कसं? आता मात्र गेल्याशिवाय त्याला चैन पडेना.

दोन दिवसांनी तो पोचला. दाढीवाला आपल्या घराच्या दारातच भेटला. तो म्हातारीचा पुतण्या निघाला. बोलण्यात भलता कंजूष. त्यानं गूळपाणी दिलं आणि समोर बसून राहिला.

"लेकरू?" तिरंदाजानं विचारलं.

"खेळतंय."

"त्यांचं नाव काय होतं?"

"चुलतीचं? साळू."

तिरंदाजानं ते नाव एकदा मनात म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही हाक का मारत नाही?"

पुतण्यानं दाढी खाजवली. "रोज मारायची तर खोटं बोलावं लागतं. ते जमत नाही मला."

"म्हणजे?"

पुतण्यानं नाइलाजानं तोंड उघडलं. "म्हणजे चुलती आधी ओरडायची, मग बाण हुडकायची. तुम्ही पाठ फिरवली की तिचं सुरू. मागं करवंदीच्या जाळ्या हाईत. हातपाय रक्तबंबाळ करून यायची. पहिल्या सालात तर बहुतेक रोज. पुढं पुढं कमी झालं. तरी अधूनमधून चालायचंच, पार शेवटपर्यंत."

तिरंदाजाच्या हातातलं गूळपाणी तसंच राहिलं. "मग खरं का नाही सांगितलं?"

"म्या बी इचारलं एकदा. तर म्हणाली, 'अरे, पोचला म्हटलं की उद्याचा सरळ येतो.'"

तिरंदाजानं गूळपाणी खाली ठेवलं. मग त्यानं जाळ्यांची वाट विचारली. पुतण्यानं बोटानं दाखवली. तिथं तो संध्याकाळपर्यंत एकटा बसून होता.

तात्पर्य: नेम हातात नसतो, मनात असतो. आणि ज्याला आपण आपलं स्थिर मन म्हणतो, ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी सांभाळलेलं असतं. ते माणूस आहे तोवर त्याचं नाव विचारून घ्यावं. आणि ते गेलं, तर नातं न मोजता रडून घ्यावं.