ककणेराचा शाप

एका राज्यात डोंगरउतारावर गोजरा नावाची बाई राहत होती. नवरा वारलेला, पदरात मंजुळा नावाची मुलगी. जमीन म्हणाल, तर एका हाकेत संपे एवढीच. तीत नाचणी, फणस, केळी, मध, सारे थोडे थोडे मिळे. पोट भरे, पण लुगडे विरले तरी नवे येत नसे.

एके दिवशी राजाचा मांत्रिक गावोगाव सोनमिरीचे वेल वाटत आला. "याला सोन्याचे घोस लागतील," तो म्हणाला. "अट एकच. याच्यावर झाडाची सावली पडता कामा नये."

गोजराने कुऱ्हाड उचलली. फणस गेला, आंबा गेला. उरला जुना बेहडा. त्याच्या ढोलीत ककणेराची, म्हणजे मोठ्या चोचीच्या धनेशाची, मादी अंड्यांवर बसली होती. त्या पक्ष्यांच्या रीतीप्रमाणे तिने ढोलीचे तोंड आतून लिंपून घेतले होते. नर फटीतून तिला फळे भरवी.

"बाई," नर म्हणाला, "पिल्ले उडेपर्यंत थांब."

"लावणीची वेळ टळेल," म्हणत गोजराने घाव घातला.

झाड पडले. ढोलीतून आवाज आला नाही. नराने आभाळात एक फेरी घातली. "माझ्या घरी फळ धरले नाही. या राज्यात कुठल्याच फुलाला न धरो!" एवढे बोलून तो निघून गेला.

वेलाला सोने लागले. मंजुळेच्या अंगावर रेशीम आले. पण मधमाश्या उडून गेल्या, नाचणी पोचट निघाली, केळफुले गळून पडली. पुढल्या साली बाजारात सोने होते, दाणा नव्हता. मंजुळेने अंथरूण धरले. तेव्हा गोजरा डोंगरामागून डोंगर ओलांडीत ककणेराकडे गेली.

"शाप मागे घे," तिने पदर पसरला.

"मधमाश्यांची राणी परत आण. वारुळातल्या नागाकडून झाडांचे बी आण. आणि राजापुढे खरे बोल."

राणीमाशी म्हणाली, "आम्हांला बारमाही फुले हवीत." गोजराने अर्धे वेल आपल्या हातांनी उपटले आणि तिथे तीळ, कारळे, तूर पेरली. फुले उमलली, माश्या आल्या.

नाग म्हणाला, "झाडे वाढायला वर्षे लागतात. ती तुझ्या आयुष्यातून देशील?" गोजराने मान डोलावली. बी पेरताच झाडे उंच झाली आणि तिचे केस पांढरे झाले.

मग ती दरबारात उभी राहिली. "महाराज, बेहडा मी तोडला. आत जीव आहे हे ठाऊक असून तोडला. आता हुकूम द्या, प्रत्येक शेतात निम्मी जागा झाडांना."

"खजिना निम्मा होईल."

"महाराज, सोने शिजत नाही. मी शिजवून पाहिले."

राजाच्या ताटातही दाणा नव्हता. त्याने हुकूम दिला. मांत्रिकाने मंत्र फिरवला. वेल झाडांवर चढू लागले. घोस कमी लागत, पण सावलीतही धरत.

ककणेर आला. "शाप उतरला," तो म्हणाला.

"आणि मला क्षमा?"

"ती देणारी ढोलीत होती."

शेते भरली, मंजुळा हिंडूफिरू लागली, राज्याची घडी पुन्हा नीट बसली. सुगीच्या पंगतीत सारे पोटभर जेवले. गोजरा मात्र शेवटच्या पानावर बसे, आणि पहिला घास हातात घेऊन बराच वेळ तशीच थांबे.