घुमरीची टाळी

आंबेतळ गावाच्या वेशीबाहेर, चिंचांच्या मागे, एक बारव आहे. चौकोनी, खोल, काळ्या दगडाची. तीन बाजूंनी पायऱ्या उतरत जातात, चौथ्या बाजूला सरळ उभी भिंत. गावात तिला घुमरी म्हणतात. काठावर उभं राहून नुसतं खाकरलं तरी खालून आणखी कुणी खाकरल्याचा भास होतो.

पौषात इथे पहाटे गाण्याचा उत्सव भरतो. तिकीट नाही, पास नाही, मान्यवरांसाठी खुर्च्या नाहीत. येताना घरून एक गोधडी आणायची, पायरीवर अंथरायची आणि बसताना तिचा एक कोपरा मोकळा ठेवायचा. गाणारा कितीही नावाजलेला असो, तंबोरे लागले की तो आधी एक टाळी वाजवतो आणि थांबतो. टाळी भिंतीवर आपटून परत आली तर गाणं सुरू होत नाही. गाणारा वाट बघतो. सगळेच वाट बघतात.

असं का, म्हणून पाहुण्यांनी विचारलं की गावातले जुने जाणते लिंबाजीतात्या हातातली गोधडी झटकतात, तिची घडी मांडीवर ठेवतात आणि सांगायला लागतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा गावावर रायाजी देशमुखांचा अंमल होता. टेकाडावर त्यांची गढी होती आणि गढीत गाण्याची बैठक बसायची. दूरदूरचे गवई यायचे, रात्र रात्र ख्याल रंगायचे, पण गढीचं दार आतून बंद असायचं. गावाला स्पष्ट ऐकू यायचा तो फक्त दाराच्या अडसराचा आवाज.

या गढीत सगुणा नावाची मुलगी गात असे. लहानपणीच पोरकी झालेली, गढीतच वाढलेली. देशमुखांच्या पदरी असलेल्या केरोबुवांनी तिला शिकवलं होतं. गळा असा, की बुवा स्वतः गाता गाता थांबून ऐकायचे. स्वभाव मात्र तापट. मनात आलेलं ओठाआड ठेवणं तिला कधी जमलं नाही.

गढीवर दूध घालायला ठकूबाई यायची. एका सकाळी तिने सगुणाला विचारलं म्हणे, "बाय माझे, रातभर आत कोण कण्हत असतं गं? कुणाचं दुखणंबिखणं हाय का?"

सगुणा पोट धरून हसली. मग हसणं विरलं आणि ती गोष्ट तिला टोचत राहिली. ज्या सुरासाठी आपण वर्षं घातली, तो भिंतीपलीकडच्या माणसाला कण्हणं वाटतो. यात त्या बाईची काय चूक? तिला दाराच्या आत कधी कुणी घेतलं होतं?

पुढच्या बैठकीत सगुणा अशी गायली की देशमुखांनी हातातलं कडं काढलं आणि म्हणाले, "माग. काय हवं ते माग."

"दार उघडा, सरकार," ती म्हणाली. "गावाला ऐकू द्या."

बैठकीत हशा पिकला. देशमुखही हसले. "अगं, त्यांना काय कळणार? आलाप संपायच्या आत घोरायला लागतील. हे शिकलेल्या कानांचं काम आहे."

"मग कानांनी शिकायचं कुठे? शाळेला तर तुम्ही कुलूप घातलंय."

हसू जागच्या जागी थिजलं. केरोबुवांनी तंबोऱ्यावरचा हात काढून घेतला. देशमुख बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी मऊ होता, असं सांगतात.

"गा की मग. घुमरीत गा. पहाटे सुरू कर आणि उन्हाची तिरीप पाण्याला टेकेपर्यंत गा. तोवर एकही माणूस उठला नाही, तर दर वर्षी गात जा, आम्ही अडवणार नाही. पण एक जरी उठला, तर हा तंबोरा त्याच पाण्यात सोडायचा आणि जन्मात पुन्हा सूर लावायचा नाही. आहे कबूल?"

बुवा तिच्याकडे बघून मान हलवत होते, नको, नको. सगुणाने तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "कबूल."

दुसऱ्या दिवशी बुवा तिला बारवेवर घेऊन गेले. खालच्या पायरीवर उभं राहून त्यांनी एकच टाळी वाजवली. टाळी भिंतीवरून परत आली, पायऱ्यांवर आपटली, पुन्हा आली, पुन्हा आली. कुणी पत्र्यावर खडे ओतावेत तशी.

"आता सूर लाव," बुवा म्हणाले.

तिने षड्ज लावला. मग कोमल रिषभ. पण रिषभ लागला तेव्हा षड्ज अजून भिंतीत फिरत होता. गंधारावर पोचली तेव्हा दोन्ही मागून धावत आले आणि तिन्ही एकमेकांच्या अंगावर कोसळले. तिचाच आवाज तिच्या गाण्याची माती करत होता.

"सरकारांना हे माहीत होतं," ती म्हणाली.

"गढीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. तू रागावली होतीस, म्हणून तुला आठवलं नाही." बुवांनी तिचं मनगट धरलं. "पोरी, जाऊन पाय धर. ते माफ करतील."

"आणि ठकूबाईला काय सांगू?"

बुवा पायऱ्या चढायला लागले.

तिकडे देशमुखांच्या कारभाऱ्याने गावात हळूच पुडी सोडली होती: गाणं ऐकेल त्याच्यावर बैठकीची पट्टी, म्हणजे कर, बसणार. गढीवरून आजवर काही फुकट आलं नव्हतं, त्यामुळे लोकांना ते लगेच पटलं. सगुणाच्या कानावर हे आलं तेव्हा तिला राग यायला हवा होता. पण तिला हायसं वाटलं, असं सांगतात. कुणीच आलं नाही तर उठणार कोण? जिने दार उघडायला सांगितलं होतं, तीच आता मनोमन म्हणत होती, देवा, कुणी येऊ नये.

ती पहाट हाडं फोडणारी होती. माळावरून वारं सुटलं होतं. काठावर देशमुखांची गादी घातली होती, लोड लावले होते, शेजारी शेगडी पेटवली होती. खाली पाण्याजवळ सगुणा तंबोरा घेऊन बसली. मागे केरोबुवा. पायऱ्यांवर ठकूबाई, तिचा भाऊ येसू आणि आणखी दोन-चार माणसं. बाकी सगळा दगड उघडा.

तिने भैरव धरला. जे व्हायचं होतं तेच झालं. सूर उठला, भिंतीला धडकला आणि उलटा तिच्यावरच चालून आला. तिने लय आणखी संथ केली, दोन सुरांत जागा सोडून पाहिली. घुमरी ती जागाही भरून टाकी. वरून देशमुखांच्या हसण्याचा आवाज आला आणि तोही चारदा घुमला.

"काय कळंना बाबा," येसू पुटपुटला. "नुसतं हंड्यात भुंगा शिरल्यागत वाटतंय. चल आक्का, गुरं सोडायचीत."

"बस की मेल्या. पोरीचा जीव टांगलाय तिथं."

"आन माझी म्हस दुधानं तटलीय तिचं काय?"

हेही सगळं घुमलं. सगुणाने ऐकलं. येसूचे हात गुडघ्यांवर गेलेले तिला दिसले, उठायच्या आधी माणसाचे जातात तसे. ती गात राहिली.

पण घुमरीचा तो घुमारा बारवेत मावत नव्हता. तो काठावरून वर चढला, चिंचा ओलांडून गावात शिरला आणि घराघरांतून फिरला. झोपलेली माणसं उठून बसली. हे कसलं घुमतंय? पट्टीची भीती होती, पण न बघता राहवेना. अंगावरच्या गोधड्या तशाच लपेटून माणसं बाहेर पडली आणि बारवेच्या काठाशी येऊन उभी राहिली. काठावर वारं टिकू देईना. खाली पाण्याची ऊब होती. एक म्हातारा दोन पायऱ्या उतरला. त्याच्यामागे एक लेकुरवाळी. मग एकेक करत सगळेच. दगड बर्फासारखा, म्हणून अर्धी गोधडी खाली, अर्धी अंगावर. उतरणाऱ्यांच्या त्या सळसळीत सगुणाने डोळे मिटून घेतले होते. तिला एवढंच कळत होतं, की माणसं येत आहेत, आणि जितकी येतील तितकी उठायला मोकळी आहेत.

शेवटी तिचा धीर सुटला. ती गाता गाता थांबली. बारवेत शांतता पसरली. वर कारभारी उभा राहून खाली वाकून बघू लागला. आणि सगुणाने स्वतःवरच्या संतापाने दोन्ही हात एकमेकांवर आपटले.

टाळी वाजली. आणि संपली.

परत आली नाही.

तिने डोळे उघडले. समोर पायरी दिसत नव्हती. दगड कुठेच दिसत नव्हता. खालपासून वरपर्यंत गोधड्या आणि त्यांतून बाहेर आलेले चेहरे. बारवेला घुमायला जागाच उरली नव्हती. केरोबुवांनी मागून हळूच एक हुंकार दिला.

तिने षड्ज पुन्हा लावला. तो एकटाच उभा राहिला, स्वच्छ. त्याच्या शेजारी रिषभ येऊन बसला आणि कुणी कुणाला ढकललं नाही. येसूचे हात गुडघ्यांवरून कधी खाली आले ते त्यालाही कळलं नाही. काहींचे डोळे मिटले होते, एक-दोन घोरतही असतील, तात्या हे लपवत नाहीत. पण उठलं कुणी नाही.

आता सूर गोधड्यांत मुरत होता. काठावर पोचत नव्हता. देशमुख गादीवर बसून बघत होते: सगुणाचे ओठ हलताहेत, खालची माणसं डोलताहेत, आणि आपल्या कानात फक्त वारं. ते पुढे सरकले. हात कानामागे धरला. काही नाही. जे गाणं उभा जन्म त्यांनी दाराआड ठेवलं, ते आता सगळ्या गावाला ऐकू येत होतं आणि त्यांना एकट्याला येत नव्हतं.

तिरीप समोरच्या भिंतीवर उतरली होती, पाण्यापासून हातभर वर. तेवढ्यात बाजूला काहीतरी हललं आणि खाली नजर लावून बसलेला कारभारी न बघताच ओरडला, "उठला! कुणीतरी उठला!"

सगळ्या माना वळल्या. सगुणाने सूर सोडला नाही.

उठले होते ते रायाजी देशमुख. जोडे काठावर काढून ते पायऱ्या उतरत होते. कुठे बसावं, जागा दिसत नव्हती. ठकूबाईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिची नजर सगुणावर होती. तिने फक्त आपली गोधडी थोडी ओढून घेतली आणि एक कोपरा मोकळा केला. देशमुख त्यावर बसले.

"सरकार," कारभारी मागून वाकून कुजबुजला, "अट तर..."

"गप बस. ऐकू दे."

तिरीप पाण्याला कधी टेकली, ते त्या दिवशी कुणीच पाहिलं नाही म्हणतात. गाणं संपल्यावर येसूने विचारलं, "अट घालणाराच उठला, मग तंबोरा कुणाचा बुडवायचा?" सगळ्यांत आधी देशमुख हसले. पट्टी बसली नाही. काठावर गादी पुन्हा कधी घातली गेली नाही. आणि पुढच्या पौषात सगुणाने गावात सांगावा धाडला: काही देऊ नका, गोधडी तेवढी आणा.

आजही घुमरीच्या काठावर कुणाची खुर्ची लागत नाही. आजही प्रत्येक गोधडीचा एक कोपरा मोकळा असतो. पौषातल्या पहाटे गाणारा टाळी वाजवतो, आणि बहुतेक वेळा पहिली टाळी परतच येते. मग लिंबाजीतात्या उठतात आणि वर बघतात. वर चिंचांखाली काही माणसं घुटमळत असतात. शेजारच्या गावची, रस्त्याने जाता जाता थांबलेली, आम्हाला गाण्यातलं काही कळत नाही म्हणणारी.

"अहो, तिथं वाऱ्यात काय उभे राहिलात?" तात्या हाक मारतात. "खाली या. तुमच्यावाचून अडलंय."