शनीच्या देवळातला खजिना

कळंबवाडीत केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. दोर वळायचा, बाजारात विकायचा. सांगितलेलं ऐकायचा आणि सांगितलेलंच करायचा.

त्याच गावात धोत्रे गुरुजी होते. निवृत्त, पण इतिहासाचं वेड काही निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी रोमन मंडळ काढलं आणि दोन हजार वर्षांपूर्वीची रोममधली पदं पुन्हा सुरू केली. गुरुजी स्वतः कॉन्सुल, म्हणजे प्रमुख झाले. सरकारी खजिना सांभाळणाऱ्याला रोममध्ये क्वेस्टर म्हणत. ते पद केरबाला मिळालं, कारण दुसऱ्याच्या पैशाला तो कधी शिवला नव्हता. वाचनालयाच्या कपाटांसाठी अठरा हजार रुपये जमले होते. गुरुजींनी ते थैलीत घालून त्याच्या हाती दिले. केरबाची छाती फुगली.

"गुरुजी, मी करायचं काय?"

"कॉन्सुल जाईल तिथं क्वेस्टर थैली घेऊन पाठोपाठ जायचा."

"बरं."

दुसऱ्या दिवशी गुरुजी न्हाव्याकडे गेले. केरबा पाठोपाठ. गुरुजी दळण आणायला गेले. केरबा पाठोपाठ. गुरुजी न्हाणीघरात गेले. केरबाही आत शिरला.

"अरे, बाहेर हो!" पंचा ओढून घेत गुरुजी ओरडले. "यापुढं हाक मारल्याशिवाय यायचं नाही!"

"बरं."

मग सुतार कपाटं घेऊन आला. गुरुजींनी केरबाला सहा वेळा फोन केला. केरबा सहाही वेळा "हां गुरुजी, ऐकतोय" म्हणाला आणि घरीच बसला. सुतार वैतागला, कपाटं घेऊन परत गेला. गुरुजी तणतणत केरबाच्या दारात आले.

"आला का नाहीस?"

"फोन आला, गुरुजी. हाक कुठं आली?"

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "थैली घेऊन घरात काय दडून बसतोस? रोमचा खजिना शनीच्या देवळात असायचा, शनीच्या!"

"बरं."

केरबा उठला तो थेट गावच्या शनिमंदिरात. पाचशेच्या छत्तीस नोटा त्यानं दानपेटीच्या फटीतून एकेक करून आत सारल्या. वर स्वतःच्या पैशानं तेलही वाहिलं.

गुरुजींना हे कळलं तेव्हा मंडळाच्या जाहीर सभेला तासभर उरला होता. ते धावतच केरबाकडे गेले.

"केरबा, कसंही कर, पण देवळातला खजिना माझ्यापुढं आणून ठेव!"

गुरुजींचा चेहरा केरबाला बघवेना. या खेपेला चुकायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

सभेला सगळा गाव लोटला. गुरुजी पांढरी चादर रोमन थाटात गुंडाळून उभे राहिले. "लोकहो, क्वेस्टर म्हणजे लोकांच्या पैशाचा राखणदार..."

एवढ्यात ढकलगाडीचा खडखडाट झाला. गाडीवर देवळाची दानपेटी, कुलपासकट. मागून पुजारी "चोर! चोर!" करत धावत होता.

केरबानं पेटी गुरुजींच्या पायाशी उतरवली. घाम पुसला आणि समाधानानं हसला.

"खजिना आणला, गुरुजी, तुम्ही सांगितला तसा. पण खजिना शनीच्या देवळातच असायचा ना? आता देऊळ आणायचं राहिलं. शनिदेव जरा जड आहेत, दोन माणसं द्या."