दोऱ्याचं दुसरं टोक

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाचं आणि माझं कधी जमलं नाही. शब्दही साधेच येतात. पण ही गोष्ट सांगायची राहू नये, म्हणून लिहितो.

"मग पस्तीसची ठेवू का पंच्याऐंशीची, वस्ताद?"

हणमंतनं पुन्हा विचारलं.

वस्ताद मोगरा ओवत होते. पिराच्या चौथऱ्यावर, लिंबाच्या सावलीत. मान खाली, सुई बोटांच्या सवयीनं चाललेली.

बाबालाल नदाफ त्यांचं नाव. पण सगळा तालुका त्यांना वस्तादच म्हणायचा. लग्न असो, शाळेचा ग्रुप असो, नाहीतर मयताचा शेवटचा फोटो असो, एके काळी तो वस्तादांच्या पेटीकॅमेऱ्यातूनच निघायचा. मग डोळ्यांत पडदा आला. वस्तादांनी कॅमेरा खाली ठेवला आणि पिराची सेवा धरली. ज्याला काही शिकायचं असेल, तो चौथऱ्यावर यायचा.

हणमंत त्यांच्याच हाताखाली शिकला होता. पुढं त्यानं मिररलेस कॅमेरा घेतला. लग्नाच्या ऑर्डरी वाढल्या, नाव झालं. चौथऱ्याची वाट सुटली.

आज आला होता. गाडी उन्हातच लावून, घाम न पुसता.

समोर फडक्यावर दोन लेन्स ठेवल्या होत्या, एक पस्तीस एमएमची, एक पंच्याऐंशीची. दोन्हींच्या काचा वाटीएवढ्या, अंधारातसुद्धा उजेड ओढणाऱ्या. आणि दोन्हींत ऑटोफोकस नाही, फोकसचं कडं हातानंच फिरवायचं. सांगलीच्या दुकानदारानं बघायला म्हणून दिल्या होत्या. एक ठेवायची, एक परत.

"पंच्याऐंशी लांबनं काम करती, वस्ताद," हणमंत सांगू लागला. "चेहरा असा कापून काढती, मागचं सगळं पुसट, लोणी. पस्तीसला जवळ जावं लागतंय, पण ती जास्त उघडती, उजेड जास्त घेती. मी सगळं बघितलंय. चार्ट बघितले, व्हिडिओ बघितले. माझ्याएवढं ह्यातलं आपल्याकडं कुणाला..."

"फोटू कुणाचा?"

"आईचा."

सुई मोगऱ्यातच राहिली.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. हणमंतच्या आईनं, अनुसयाबाईनं, जन्मभर मशेरी लावली. मग उजव्या गालात गाठ आली. गाठ वाढली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा जबडा काढावा लागेल. उद्या ॲडमिट, परवा ऑपरेशन.

"तीच म्हणाली," हणमंत हळू आवाजात बोलला. "म्हणाली, तोंड हाय तंवर एक फोटू काढ लेका."

"कवा म्हणाली?"

"पाडव्याला."

"आन् आज?"

"आज... हनुमान जयंती झाली."

"मधी काय केलंस?"

"तपासत होतो. कुठली बरी ते."

"कशावर?"

"भिंत काढली. कॅलेंडर काढलं. शेजारची म्हस काढली, दोन्हीनी."

"म्हशीला कुठली आवडली?"

हणमंत हसला नाही. वस्तादही हसले नाहीत.

लिंबाचा बारीक मोहर फडक्यावर पडत होता. हणमंतनं काचेवरचा एक कण फुंकून उडवला.

"तुमी नुसतं एक नाव सांगा, वस्ताद. वेळ न्हाई माझ्याकडं. उद्या सकाळी दहाला गाडी हाय."

"माझा काढ."

"आत्ता?"

"पंच्याऐंशीनं. हितंच."

हणमंत उठला. लेन्स चढवली. मागं सरकला, आणखी मागं, पार लिंबाच्या खोडाला पाठ टेकेपर्यंत. कडं फिरवलं. वस्ताद पुन्हा ओवायला लागले होते. ओवताना मान जराशी पुढं जायची, जराशी मागं यायची.

क्लिक.

"फोकस गेला," हणमंत पुटपुटला. "हलू नका, वस्ताद."

क्लिक.

"हलू नका म्हटलं की!"

"जिता माणूस हाय लेका. श्वास घेतला तरी हलणार."

तिसऱ्यांदा जमलं. हणमंत पळत आला, कॅमेऱ्याचा पडदा वस्तादांच्या नाकाशी धरला.

"बघा. पापणीचा केस न केस."

वस्तादांनी डोळे बारीक केले.

"ह्यो उजवा डोळा. आन् डावा?"

"डावा सुटलाय, पुसट झालाय. एवढी उघडी लेन्स म्हटल्यावर धार पातळच असणार. एक धरला की दुसरा जातोय."

"हां."

"म्हणून तर हिची किंमत हाय, वस्ताद."

"आईचा कुठला धरणार?"

हणमंतनं कॅमेऱ्याचा पडदा बंद केला.

"कुठला डोळा धरणार, हणम्या?"

"...डावा."

"का?"

हणमंत लेन्सचं झाकण लावू लागला. रस्त्यानं एक टेम्पो गेला.

"उजव्या बाजूला गाठ हाय," वस्ताद म्हणाले. "डावा डोळा धरला की गाठ लोण्यात जाती. व्हय?"

हणमंतचे कान लाल झाले.

"मग काय करू?" तो एकदम ओरडला. चौथऱ्याच्या टोकाला बसलेली कबुतरं उडाली. "ती गाठ फ्रेम करून भिंतीवर लावू? जन्मभर बघत बसू? मला आईचा फोटू पायजे, वस्ताद. गाठीचा न्हाई!"

वस्तादांनी मांडीवरचा हार उचलला. पिराच्या कबरीवरच्या गलेफावर घालायचा हार तो. सकाळपासून ओवलेला, निम्म्याच्या वर झालेला.

त्यांनी दोऱ्याचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या हातानं सगळी फुलं ओढून काढली.

मोगरा चौथऱ्यावर पसरला.

"वस्ताद..."

"पस्तीसची लाव."

हणमंतनं लावली. लेन्स लगेच बसेना.

वस्तादांनी मोकळा दोरा कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीला बांधला. दुसरं टोक स्वतःच्या कपाळाला लावलं आणि दोरा ताठ केला. एक माणूस दुसऱ्याला घास भरवतो, तेवढंच अंतर. तिथं दातानं दोरा तोडून त्यांनी गाठ मारली.

"ह्या अंतरावर रिंग आण."

हणमंतनं कडं हळूहळू फिरवलं. वस्तादांच्या कपाळावरची आठी पडद्यावर लख्ख झाली.

"आली?"

"आली."

वस्तादांनी उशाच्या डब्यातून चिकटपट्टी काढली आणि कड्यावर घट्ट गुंडाळली. आता ते फिरणार नव्हतं.

"पेटीकॅमेऱ्यात अंधार पडला की काचेवर चित्र दिसायचं न्हाई," ते म्हणाले. "तवा आमी असंच करायचो. दोरा ताठ झाला की फोटू. दुसरं टोक तिच्या हातात दे."

"मीच धरतो की. डोळ्यापाशी बरोबर..."

"तिच्या हातात."

"पण एवढ्या जवळनं, वस्ताद..."

गाठ दिसायला लागल्यापासून हणमंत आईच्या शेजारी जेवायला बसला नव्हता. ऑर्डरी आहेत म्हणायचा, ताट घेऊन बाहेर ओट्यावर जायचा. हे वस्तादांना कुणी सांगितलं नव्हतं.

"एवढ्या जवळनं मला..."

वस्तादांनी फुलं गोळा करायला घेतली.

"जा आता. हार ऱ्हायलाय माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतनं दाराशी पाट मांडला. उजेड तिथं बरा होता.

अनुसयाबाई येऊन बसली. ठेवणीतलं इरकल नेसली होती. पदर नेहमीसारखा उजव्या गालावरून ओढलेला, दातात धरलेला. गेल्या कित्येक महिन्यांत तिला कुणी पदराशिवाय बघितलं नव्हतं.

हणमंतनं तिच्या हातात दोऱ्याचं टोक दिलं.

"हे धर, आई. डोळ्यापाशी."

"हे आन् काय? पतंग उडवायचा हाय व्हय रं?"

"धर की. दोरा ताठ झाला की फोटू निघतोय."

"तुझ्या एवढ्या भारी कॅमेऱ्याला दोरी लागती? म्हशीवानी?"

"वस्तादांनी सांगितलंय."

"मग खरं असंल."

तिनं दातातला पदर सोडला. तो गालावरून घसरला, खांद्यावर आला. हणमंतची नजर खाली, कॅमेऱ्याच्या बटणांवर गेली. त्या बटणांवर करायचं काहीच उरलं नव्हतं. कडं बांधलेलं होतं.

त्यानं नजर वर केली.

अनुसयाबाईनं दोरा डोळ्यापाशी नेला. क्षणभर धरला. मग हात खाली आणला आणि टोक गालावर, गाठीवर टेकवलं.

"आई, डोळ्यापाशी म्हटलं की."

"डोळं घेऊन मी माघारी येणार हाय," ती म्हणाली. "हे न्हाई येणार. ह्येचा काढ."

"आई..."

"माझंच हाय ते. वाईट असलं तरी."

हणमंतनं कॅमेरा डोळ्याला लावला. दोरा सैल पडला होता. आपण नकळत जरा जास्तच जवळ आलोय, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं पाय जरा मागं घेतला. दोरा ताठ झाला. तिचा श्वास ऐकू येत होता. मशेरीचा नाही, औषधाचा वास येत होता. गाठीवरची चामडी ताणून चकाकत होती. त्याखाली, लहानपणी तो ज्या हनुवटीला धरून उभा राहायचा, ती हनुवटी होती.

"दाब की," अनुसयाबाई म्हणाली. "हात अवघडला."

"दाबतो."

"बघ मग. कॅमेऱ्यातनं तरी बघ."

त्यानं दाबलं.

जीप आली. शेजारच्या बायांनी तिला हात देऊन बसवलं. हणमंत पुढं बसला, पण पिराजवळ येताच त्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. जीप थांबली. तो उतरून चौथऱ्याकडं धावला.

वस्ताद ओवत होते.

"वस्ताद, चुकलं." त्याला दम लागला होता. "टोक तिनं गाठीवर धरलं. डोळं सुटलं, दोन्ही. नुसती गाठ आलीय. तिची एकेक शीर दिसतीया. आन् तिची बोटं."

वस्तादांनी कॅमेरा घेतला. पडदा डोळ्याच्या अगदी जवळ नेला. बराच वेळ तसाच धरला.

"पंच्याऐंशी पिशवीत हाय," हणमंत म्हणाला. "जीप थांबलीया. ती हितंच हाय अजून. ह्यो पुसून टाकतो आन् पटकन दुसरा काढतो. डोळ्याचा."

वस्तादांनी कॅमेरा परत दिला.

हणमंतनं अंगठा फोटो पुसायच्या बटणावर ठेवला. मागं जीपमधून अनुसयाबाईनं हाक मारली, "हणम्या, चल की रं!" त्याला पडदा नीट दिसेना. अंगठा तसाच ठेवून त्यानं दुसऱ्या हाताची बाही डोळ्यांकडं नेली.

"पुसू नकोस," वस्ताद म्हणाले.