आनशीचा डोह

बूट काढलेत तेवढं बास. पाय पाण्यात सोडू नका. वरच्या कातळावर बसा, सावली आहे, आणि पोरांना जवळ घ्या. नदी उन्हाळ्यात पार आटते, येताना पाहिलंतच तुम्ही, नुसते धोंडे. हा डोह आटलेला मात्र कुणी पाहिलेला नाही. ह्याला आनशीचा डोह म्हणतात. आमच्या गावात लहान मुलाच्या कमरेला करगोटा दिसायचा नाही तुम्हाला. काळा दोरा असतो, पण तो आईच्या कमरेला. बाहेरची माणसं हसतात. हसू देत बापडी, त्यांना काय ठाऊक.

आनशी ही ह्याच गावची सून. तिचा नवरा लखू बोटीवर खलाशी होता, एकदा गेला की वर्षावर्षाने घरी यायचा. त्याची बोट जपानात कोबे बंदराला लागली असताना एक म्हातारा धक्क्यावरून पाण्यात पडला, आणि लखूने उडी टाकून त्याला वर काढला, असं सांगतात. म्हाताऱ्याने आपल्या कमरपट्ट्याला अडकवलेली एक गुंडी सोडून लखूच्या हातावर ठेवली. अंगठ्याएवढी, हस्तिदंताची, कितीएक पिढ्यांच्या हाताळण्याने पिवळी पडलेली. त्या देशात तेव्हा कपड्यांना खिसे नसायचे म्हणे. तंबाखूची पिशवी दोरीने पट्ट्याखाली लोंबकळत ठेवायची, आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला असली कोरीव गुंडी लावायची. पोटाशी दोन भोकं, दोरा ओवायला. त्या गुंडीवर त्यांच्या गोष्टींतला पाण्यातला कुणीतरी कोरलेला होता. पाठीला कासवाची ढाल, तोंडाला चोच, हातपाय माकडाचे, आणि टाळूवर वाटीसारखा खळगा.

म्हाताऱ्याची भाषा लखूला येईना, लखूची त्याला. म्हातारा खुणा करत राहिला. पाण्याकडे बोट दाखवलं. गुडघ्याएवढी उंची दाखवली, म्हणजे लहान मूल. मग कमरेला हात लावला आणि स्वतःच्या तोंडासमोर हात आडवा हलवला. शेवटी कमरेत वाकून नमस्कार करत सुटला, थांबेचना. लखूने घरी ह्या सगळ्याची नक्कल केली तेव्हा माणसं पोट धरून हसली. त्याने आपल्या परीने अर्थ लावला होता. पोराच्या कमरेला बांध, पाण्यापासून राखेल, असं म्हातारा सांगत होता. हात हलवला तो निरोपाचा आणि नमस्कार उपकाराचे. त्याने ती गुंडी शेवंतीच्या करगोट्यात ओवली. शेवंती त्यांची एकुलती एक लेक, नुकती बोलायला लागलेली. मग लखू बोटीवर परत गेला.

पोरीचा करगोटा ओला असतो, हे आनशीच्या लक्षात आलं ते ऐन चैत्रात. अंगणात पाय ठरत नव्हता इतकी माती तापलेली, आणि दोरा ओला. तिने पुसला. मग गुंडीच्या टाळूवरच्या खळग्यात पाणी दिसलं. तेही पदराने टिपलं. चूल पेटवून मागे वळते तर खळगा पुन्हा भरलेला. शेवंतीने खेळणं सोडलं होतं. पडवीत बसायची ती डोहाकडे तोंड करून, आणि माजघरात नेऊन बसवली तरी भिंतीकडे वळायची, डोहाच्याच बाजूच्या.

एकदा भरवताना पोर म्हणाली, "ह्याला भात नको."

कुणाला गो, असं आनशीने विचारलं. पोरीने कमरेला हात लावला.

"ह्याला मी पायजे."

आनशी तशीच उठून सासूकडे गेली, म्हणाली, करगोटा काढून टाकते. सासू वाईट नव्हती, पण जुन्या वळणाची होती. लेकराची कमर मोकळी ठेवायची नाही, नवा आणल्याशिवाय जुना काढायचा नाही, आणि नवा बांधायचा तो शनिवारी, मारुतीपुढे. शनिवार काय, आलाच परवावर, असं तिने समजावलं. आनशीला पटलं नाही. पण सून होती, दोरा तसाच ठेवला.

शनिवार उजाडायच्या आतच झालं ते. आमच्याकडे माणूस टळटळीत दुपारला भितो, कारण त्या वेळी वाटेवर चिटपाखरू नसतं. आनशी विहिरीवरून हंडा घेऊन आली तर पडवी रिकामी. तिने हाकसुद्धा मारली नाही म्हणे. हंडा टाकला आणि इथे धावत आली.

शेवंती छातीभर पाण्यात उभी होती. रडत नव्हती. कमरेचा दोरा पुढे ताणलेला, आणि पाण्याखालून कुणीतरी तो धरलेला. आनशी लुगड्यासकट उतरली, पोरीला काखेत धरून मागे खेचू लागली. ती जेवढी खेचायची तेवढी पोर पुढे सरकायची. मग पाण्यावर डोकं आलं. चोच, गोल डोळे, भिजलेले केस, आणि केसांच्या मधोमध खळगा, पाण्याने काठोकाठ भरलेला. आपल्या पानातलं कुणी उचललं तर माणूस बघतो ना, तसं ते आनशीकडे बघत होतं.

त्या खेचाखेचीतच तिला लखूची नक्कल आठवली आणि सगळं उमगलं. म्हाताऱ्याने हात हलवला तो निरोपाला नव्हता. पोराला बांधू नकोस म्हणून तो सांगत होता. आणि ते वाकणं आभाराचं नव्हतं, ह्याच्यासमोर काय करायचं ते दाखवणं होतं. पण नमस्काराला दोन्ही हात लागतात. पोरीला सोडायला हवं. सोडली तर गेली, आणि नाही सोडली तरी जातच होती.

आनशीने हात सोडले, जोडले, आणि कपाळ पाण्याला लागेतो वाकली. वर बघते तर तेही वाकलेलं. नमस्काराला नमस्कार केल्यावाचून त्याला राहवत नाही म्हणे, जातच तशी. खळग्यातलं पाणी सांडलं आणि पकड ढिली झाली. तिने पाण्याखाली गेलेल्या पोरीला वर ओढून घेतलं, दाताने दोरा तोडला. पण शेवंतीचा श्वास चालेना, ओठ निळे पडलेले. आणि समोर तो खळगा पुन्हा भरत चालला होता.

तेव्हा आनशी म्हणाली, "हिला परत दे. कमर हवीच तर माझी घे. पण हिची पाठवणी माझ्या हातून होऊ दे. मग मी आपल्या पायांनी येईन, बोलवायला येऊ नकोस."

तिने तो तुटका दोरा आपल्या लुगड्याच्या निऱ्यांशी गाठ मारून बांधला, गुंडीसकट. ते बघत राहिलं. मग कुणी न वाकता आपण होऊन एकदा वाकलं आणि खाली गेलं. शेवंतीने श्वास घेतला, रडली.

लखू परत आला तो गुंडी दगडाखाली ठेचायला निघाला. आनशीने हात लावू दिला नाही, शब्द दिलाय म्हणाली. पुढे शेवंती उपवर झाली. स्थळं येऊ लागली आणि लखू प्रत्येकात खोट काढू लागला. ह्याचं घर लांब, त्याचा बाप तिरसट. लोक म्हणायचे, लखूला मोठी ऐट आली. आनशीला कारण माहीत होतं. शेवटी तिनेच एक चांगलं घर बघून होकार कळवला.

लग्न झालं. आनशीने लेकीची ओटी भरली, गाडीत बसवलं. गाडी निघाली तसं सगळं गाव नवरीमागे रडत गेलं, लखूसुद्धा. वळणावरून तो मागे फिरला तेव्हा मांडवात आनशी नव्हती. माणसं इथे धावली. पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता.

आजही आमच्या गावात लेकीची गाडी निघाली की बायका तिच्यामागे जात नाहीत. नवरीच्या आईला मधे बसवतात, दोन्हीकडून तिचे हात धरतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात येईपर्यंत सोडत नाहीत. आमच्या थोरलीच्या लग्नात मी म्हटलं, तुम्ही दमलात, जरा वेळ हिच्याजवळ मी बसतो. मला हाकलून दिलं त्यांनी. लखूही आनशीचा नवराच होता, म्हणाल्या.