शनीचं कडं आणि कोरी पाटी

सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवावा? हळदीच्या बाजारात दोन दुकानदार शेजारी शेजारी बसतात. एक म्हणतो, "माझ्याकडचं प्रत्येक पोतं पहिल्या नंबरचं!" दुसरा म्हणतो, "ही चार खुशाल घ्या, पण त्या पाचव्याला ओल लागलीय, ते नको." पहिल्याचं बोलणं कानाला गोड, दुसऱ्याचं ऐकून गिऱ्हाईक जरा बिचकतं. उत्तराची घाई नाही. आधी गोष्ट ऐका.

फार पूर्वी एका पठारावर एक गाव होतं. गावाबाहेरच्या माळावर एक दगडी खोली होती आणि तिच्यात गावाच्या मालकीच्या दोन पितळी दुर्बिणी होत्या. खोलीची किल्ली एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कमरेला असे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणे. तात्यांना ना बायको, ना मूलबाळ. गावात त्यांचं जे काही होतं, ते त्या किल्लीमुळे होतं.

दर वैशाखी अमावास्येला तात्या माळावर नवख्यांची रात्र भरवत. ज्यानं कधी दुर्बिणीला डोळा लावला नाही, त्यानं यावं, बसायला घोंगडी आणावी आणि विचारायला लाजू नये. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून कंदिलाला लाल फडकं गुंडाळलेलं असे. आणि एक नियम होता: आधी पाटी, मग तोंड. दुर्बिणीतून डोळा काढला की कुणाशीही बोलायच्या आत, जे दिसलं ते पाटीवर काढायचं. तात्या म्हणत, "पहिला माणूस 'वा!' म्हणाला की मागच्या दहा जणांना तेच दिसायला लागतं."

नवख्यांना अंदाज यावा म्हणून तात्यांनी खोलीच्या दारावर शनीचं चित्र रंगवलं होतं. मधे गोळा, भोवती पगडीच्या घेरासारखं रुंद कडं. चित्र जुनं होतं, पण सुरेख होतं.

दर तीन वर्षांनी या रात्री पाटील तात्यांकडून किल्ली परत घेत आणि गावासमक्ष पुन्हा त्यांच्या हाती देत. यंदा तेच वर्ष होतं. फक्त एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. दोन वर्षांपासून तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. चांदणी त्यांना धुक्यातल्या दिव्यासारखी दिसे. ते सवयीवर, हाताच्या अंदाजावर दुर्बीण लावत, आणि गप्प बसत.

रात्र पडली. धाकटी दुर्बीण वसिष्ठ-अरुंधतीच्या जोडीकडे लावली होती, तिथे सगळे खूश होते. थोरल्या दुर्बिणीपुढे शनी बघायला रांग लागली.

"शनीकडं आपण बघायचं," रांगेतला एक तेली म्हणाला, "त्यानं आपल्याकडं बघू नये म्हणजे झालं!" सगळे हसले.

पहिला मान पाटलांचा. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ लावला, मग पाटी घेऊन ऐटीत चित्र काढलं. त्यांच्यामागून वैद्य, सावकार, किराणावाल्याची बायको, तेली. बारा जण झाले. तेरावी आली ती खालच्या आळीतली कुंभारीण. तिनं डोळा लावला, डोळा चोळला, पुन्हा लावला. मग पाटी घेतली आणि तशीच कोरी तात्यांच्या हातात दिली.

"काय झालं, बाई?"

"तात्या, मला नुसता अंधार दिसला."

किराणावालीनं नाक मुरडलं. "अगं, एवढं मोठं कडं दिसत नाही? चाकावर मडकं फिरवायला डोळे लागत नाहीत वाटतं!"

"लागतात की, वहिनी," कुंभारीण म्हणाली. "पण चाकावर मडकं नसेल, तर मी आहे म्हणत नाही."

पाटील तात्यांच्या कानाशी आले. "तिच्या डोळ्यांत दोष असेल. रांग खोळंबलीय. पुढचा माणूस घ्या, मग आपला किल्लीचा कार्यक्रम उरकून टाकू."

तात्यांनी बाराही पाट्या कंदिलाजवळ, अगदी नाकाशी धरून पाहिल्या. जाड खडूच्या रेघा तेवढ्या त्यांना दिसत. बारा पाट्या, आणि बारांवर पगडीएवढं रुंद कडं.

 तात्यांना एक गोष्ट माहीत होती. शनीचं कडं कायम रुंद दिसत नाही. साधारण पंधरा वर्षांनी ते आपल्याकडे धार करून उभं राहतं आणि सुतासारखं बारीक होतं. हे वर्ष त्यातलंच होतं. लोकांना चकित करायचं म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे या बारा जणांनी आकाश पाहिलंच नव्हतं, त्यांनी दारावरचं चित्र उतरवलं होतं. दुर्बीण रिकाम्या अंधाराकडे रोखलेली होती, आणि तेरा पाट्यांमध्ये खरी एकच होती, ती कोरी.

आता काय करावं? "बाई, तुम्हाला नीट बघता येत नाही," एवढं म्हटलं की काम भागत होतं. पाटील खूश, गाव खूश, किल्ली कमरेला. कुंभारणीच्या शब्दाला कोण विचारणार होतं?

तात्यांनी खडू घेतला. नियम तो नियम: आधी पाटी. स्वतःच्या पाटीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि मग मोठ्यानं वाचलं, "आज मी गावाला रिकामं आकाश दाखवलं."



"म्हणजे आम्ही खोटं बोललो म्हणता?" पाटलांचा आवाज चढला.

"नाही, पाटील. तुम्ही माझ्या नावावर विश्वास ठेवलात आणि माझंच चित्र काढलंत. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चूक डोळ्यांची थोडी, जिभेची फार. दोन वर्षं ती गप्प बसली." तात्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि पाटलांच्या हातावर ठेवली. मग कुंभारणीकडे वळले. "पण रात्र अजून बाकी आहे. बाई, डोळे तुमचे, आठवण माझी. जमतंय का बघू. मघा नक्षत्रातली ठळक चांदणी दिसते?"

"कोयत्यासारख्या आकाराच्या मुठीशी आहे ती? दिसते."

"तिथून पूर्वेकडे या. पिवळट ठिपका शोधा, न लुकलुकणारा."

कुंभारणीनं दुर्बिणीच्या नळीवर हात ठेवला. चाकावरच्या मातीला जपतात तसा, अलगद. थोडं इकडे, केसभर तिकडे. मग ती थांबली. काही बोलली नाही, आधी पाटी घेतली. एक ठिपका काढला आणि त्यातून आरपार एक बारीक रेघ.

"मणी आहे, तात्या! मण्यात सुई ओवलीय जणू!"

"हेच ते!" म्हातारा लहान मुलासारखा हसला, आणि यंदाचं कडं सुईसारखं का दिसतं, ते त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं.

मग माळावर एक मजेदार आवाज सुरू झाला, पाट्या पुसण्याचा. कुणी धोतराच्या सोग्यानं, कुणी पदरानं. किराणावाली हळूच कुंभारणीपाशी आली. "मलाही जरा दाखवता का, बाई?" रांग पुन्हा लागली.

यावेळी पाटील सगळ्यांच्या मागे उभे राहिले. त्यांनी पाहिलं, ठिपका काढला, रेघ काढली, आणि मगच तोंड उघडलं.

"तात्या, तुमचे डोळे गेले म्हणून किल्ली ठेवून घ्यावी, असं मघाशी मनात आलं होतं. पण माझे तर डोळे शाबूत आहेत, आणि अंधार बघून मी पगडीएवढं कडं काढलं!" लोक हसले, पाटीलही हसले. "ही घ्या किल्ली, ती तुमच्याकडेच राहू द्या. दुर्बीण या बाई फिरवतील."

"आणि माझी मडकी?" कुंभारीण म्हणाली.

"ती दिवसा."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी दारावरचं चित्र खरवडून काढलं आणि तिथे ती कोरी पाटी टांगली. पुढे वर्षानुवर्षं नवखी माणसं आली की कुंभारीण त्यांना पहिल्यांदा तिच्यापुढे उभं करी.

"यावर काय दिसतंय?"

"काही नाही."

"मग तसंच सांगायचं. जमलं की! चला आता दुर्बिणीकडे."

तात्पर्य: 'सगळं दिसलं' म्हणणाऱ्या बारांपेक्षा 'मला दिसलं नाही' म्हणणारा एक भरवशाचा, आणि आपली चूक कुणी पकडायच्या आधी आपणच सांगणारा त्याहून भरवशाचा.

तेव्हा ऐकणाऱ्यांनो, धंदा कुठलाही करा, एवढी विनंती आहे: हिशेब चोख ठेवा. दिसलं ते दिसल्याच्या खात्यात, नाही दिसलं ते न दिसल्याच्या खात्यात. आणि तुमच्या पाचव्या पोत्याला ओल लागली असेल, तर गिऱ्हाइकानं हात घालायच्या आधी तुम्हीच सांगा.